नोकरी सांभाळून सार्वजनिक आरोग्यातील डॉक्टरेट: डीआरपीएच की पीएचडी?

वाचकाचे पत्र: मी रत्नागिरी जिल्ह्यात तालुका आरोग्य अधिकारी आहे. वय ४२. एमबीबीएसनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि पुढे अध्ययन रजा घेऊन एमपीएच (सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी) पूर्ण केले. आता डॉक्टरेट करावी असे मनापासून वाटते. परदेशातील एका विद्यापीठाचा नोकरदारांसाठीचा डीआरपीएच (डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ) अभ्यासक्रम मला आवडला आहे, पण त्याच्या शुल्कासाठी कर्ज काढावे लागेल. सहकारी म्हणतात, पीएचडी कर, तिला मान्यता आहे. वरिष्ठ म्हणतात, या वयात हे कशाला, पदोन्नती सेवाज्येष्ठतेनेच होणार. दीड वर्षात ऑनलाइन डॉक्टरेट देण्याची एक जाहिरातही पाहिली. मला हा अभ्यास का करायचा आहे, ते सांगते. दरवर्षी भातलावणीपूर्वी लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्या उपकेंद्रांपर्यंत पोहोचतात, आशाताई वाड्यावाड्यांवर फिरतात, अहवालात वाटप पूर्ण दिसते. तरीही ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रुग्ण येतात आणि आढावा बैठकीत दरवर्षी तीच चर्चा होते. असे का होते ते मला शोधायचे आहे, आणि ते बदलायचेही आहे. मुलगी नववीत आहे. मी काय करावे?

उत्तर: डॉक्टर, आपल्या पत्रातील सर्वांत मोलाचा भाग शुल्काचा नाही आणि पदोन्नतीचाही नाही, तो लेप्टोच्या गोळ्यांचा आहे. माझे मत आधीच सांगते. कर्ज काढून परदेशी डीआरपीएच करू नये. भारतातील एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेत अर्धवेळ पीएचडीसाठी प्रवेश घ्यावा. मात्र त्या पीएचडीचा विषय डीआरपीएचच्या वळणाचा, म्हणजे आपल्या रोजच्या कामातून उभा राहिलेला असावा. असे मी का म्हणते ते समजण्यासाठी या दोन पदव्यांतील फरक नीट पाहायला हवा, कारण आपले सहकारी मान्यतेच्या अंगाने बोलत आहेत आणि खरा फरक मान्यतेच्या पलीकडे आहे.

हा फरक कोकणातल्याच एका उदाहरणाने स्पष्ट होतो. डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, हृदयावर नेमका काय परिणाम होतो ते पाहिले, आणि रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध या दंशावर गुणकारी ठरते असे दाखवून दिले. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हृदयावरील लक्षणे मांडली आणि १९८६ मध्ये तिथेच प्राझोसिनचा उपयोग मांडला. आधी ठाऊक नसलेली गोष्ट सिद्ध करून ज्ञानात भर घालणे हे पीएचडीचे मूळ प्रयोजन आहे, आणि त्या अर्थाने हे काम कोणत्याही पीएचडीच्या तोडीचे आहे. पण औषध सापडल्यानंतर आणखी एक प्रश्न उरतोच. तीच गोळी रात्री दोन वाजता डोंगरातल्या उपकेंद्रात हाताशी असेल का, तिथल्या कर्मचाऱ्याला ती कोणत्या लक्षणावर द्यायची हे ठाऊक असेल का, तिचा साठा संपण्यापूर्वी मागणी जाईल का, आणि विंचू चावला की मांत्रिकाकडे जाणारे कुटुंब आधी आरोग्य केंद्राकडे कसे वळेल? हा प्रश्न प्रशासकाचा आहे. ठाऊक असलेली गोष्ट माणसापर्यंत का पोहोचत नाही, आणि यंत्रणेत काय बदलले तर ती पोहोचेल, याचा शिस्तशीर अभ्यास करायला शिकवणारी पदवी म्हणजे डीआरपीएच.

ही पदवी नवी नाही. अमेरिकेत ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून दिली जाते. १९१५ च्या वेल्च-रोझ अहवालाने सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणासाठी वैद्यकीय महाविद्यालयाहून वेगळ्या संस्था हव्यात असे मांडले आणि १९१६ मध्ये रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची सार्वजनिक आरोग्य शाळा स्थापन झाली. पुढे याच प्रतिष्ठानच्या मदतीने १९३२ मध्ये कोलकात्यात अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था उभी राहिली, हेही आपल्याला ठाऊक असेल. आजच्या डीआरपीएचचे स्वरूप कळण्यासाठी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या अधिस्वीकृती मंडळाची २० मूलभूत क्षमतांची यादी वाचावी. त्यांपैकी केवळ ३ विदा (डेटा) व विश्लेषणाच्या आहेत आणि तब्बल १० नेतृत्व, व्यवस्थापन व कारभाराच्या आहेत. उरलेल्या ७ धोरण, कार्यक्रम, शिक्षण आणि मनुष्यबळविकास यांच्याशी संबंधित आहेत. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनच्या डीआरपीएचमध्ये प्रबंधाबरोबरच एखाद्या संस्थेचा आतून अभ्यास करून तिची धोरणे आणि निर्णयप्रक्रिया तपासण्याचा स्वतंत्र प्रकल्प असतो. तालुका पातळीवर काम करणाऱ्या अधिकाऱ्याला हे शिक्षण किती उपयोगाचे आहे, ते वेगळे सांगायला नको. म्हणून आपल्याला डीआरपीएच आवडला यात काही चुकले नाही. आपली निवड योग्यच आहे, फक्त तिची किंमत आपल्या परिस्थितीला पेलणारी नाही.

आता आपला प्रश्न घेऊ. गोळी कोणती, ती कधी आणि किती अंतराने घ्यायची, हे माहीत आहे. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून जंतू चिखलात येतात आणि चिखलणी-लावणी करणाऱ्यांच्या पायांच्या भेगांतून शरीरात शिरतात, हेही माहीत आहे. तेव्हा आपल्याला नवे जैविक ज्ञान शोधायचे नाही. ‘वाटप पूर्ण’ या दोन शब्दांच्या आत काय काय दडले आहे, ते आपल्याला उघडून पाहायचे आहे. गोळी हातात देणे आणि ती पोटात जाणे यांत अंतर आहे. घरातल्या एकाच बाईच्या हाती सगळ्यांच्या गोळ्या दिल्या, तर त्या कोणी घेतल्या? रिकाम्या पोटी गोळी घेऊन मळमळ झालेल्या माणसाने पुढच्या आठवड्याची गोळी टाकून दिली का? लावणीपुरते मुंबईहून आलेले चाकरमानी आणि बाहेरून आलेले हंगामी मजूर आशाताईंच्या यादीत होते का? ज्या वाडीत साकव पाण्याखाली गेला, तिथे दुसऱ्या आठवड्याचा फेरा झाला का? आणि ताप आल्यावर पहिले दोन-तीन दिवस घरीच अंगावर काढणारे कोण आहेत? यांतला प्रत्येक प्रश्न मोजता येण्याजोगा आहे, आणि काहींची उत्तरे आपल्या तालुक्यात एकाच हंगामात बदलून पाहता येण्याजोगी आहेत. अशा अभ्यासाला अंमलबजावणी संशोधन म्हणतात, आणि भारतातल्या चांगल्या संस्थांमध्ये पीएचडीसाठी हा विषय आज स्वीकारला जातो. म्हणूनच मी म्हणते की आशय डीआरपीएचचा आणि नोंदणी पीएचडीची, हा मार्ग आपल्याला खुला आहे.

पैशाबद्दल स्पष्टच सांगायला हवे. परदेशी अभ्यासक्रमाचे एकूण शुल्क अनेक लाखांत जाते आणि त्याची परतफेड करणारी वेतनवाढ या पदवीमुळे आपल्या सेवेत मिळेल असे गृहीत धरू नये. पदोन्नतीबद्दल आपले वरिष्ठ जे म्हणाले, ते आजच्या घडीला बहुतांशी खरे आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाचा स्वतंत्र संवर्ग असावा असे म्हटले आणि २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी राज्यांना मार्गदर्शक सूचनाही दिल्या. तमिळनाडूत तर सार्वजनिक आरोग्याचे वेगळे संचालनालय आणि १९३९ पासूनचा कायदा आहे. असा संवर्ग आपल्याकडे नीट रुजला तर अशा पदव्यांना प्रशासनातही मोल येईल, आणि तो रुजावा असे मला कळकळीने वाटते. पण त्या आशेवर मुलीच्या शिक्षणाच्या वर्षांत कर्जाचा हप्ता सुरू करणे शहाणपणाचे नाही. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली, किंवा पुढे राज्यसेवा सोडून आंतरराष्ट्रीय संस्थांत काम करण्याचा आपला विचार असेल, तर मात्र माझे उत्तर वेगळे असेल. तसे आपण पत्रात म्हटलेले नाही.

दीड वर्षाच्या जाहिरातीकडे वळूनही पाहू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएचडी विनियमांनुसार अभ्यासक्रमासह किमान ३ वर्षे लागतात आणि कमाल मुदत ६ वर्षांची आहे. पुनर्नोंदणीने त्यात २ वर्षे वाढतात, आणि महिला उमेदवारांना आणखी २ वर्षांची सवलत आहे. परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ऑनलाइन पीएचडी विकणाऱ्या कंपन्यांपासून सावध राहावे, असा इशारा आयोगाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिला होता. अशी पदवी नावापुढे लावून जिल्हा परिषदेच्या बैठकीत बसण्याची वेळ आपल्यासारख्या प्रामाणिक अधिकाऱ्यावर येऊ नये.

हेच विनियम अर्धवेळ पीएचडीला स्पष्टपणे परवानगी देतात, पण त्यासाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि त्या प्रमाणपत्रात काय लिहिलेले आहे यावर पुढची सगळी वर्षे अवलंबून असतात. उमेदवाराला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, तिच्या कामाचे स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देणारे आहे, आणि गरज पडल्यास अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी तिला कार्यमुक्त केले जाईल, या तिन्ही गोष्टी त्यात नमूद असाव्या लागतात. नुसते ‘हरकत नाही’ एवढेच लिहिलेला कागद घेऊन प्रवेशाला गेलेले अधिकारी परत पाठवले जातात आणि एक सत्र वाया जाते. तेव्हा मसुदा आपणच तयार करून द्यावा. अध्ययन रजेची तरतूद महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये आहे, पण संपूर्ण सेवेत मिळणाऱ्या या रजेला मर्यादा असते आणि आपण एमपीएचसाठी ती वापरलेली आहे. त्यामुळे सेवापुस्तकात किती रजा उरली आहे आणि एमपीएचच्या वेळी दिलेल्या बंधपत्राची मुदत पूर्ण झाली आहे का, हे आस्थापना शाखेकडून लेखी तपासून घ्या. उरलेली रजा आताच वापरू नका. ती प्रबंध लिहिण्याच्या शेवटच्या महिन्यांसाठी राखून ठेवा. नोकरदारांचे प्रबंध अडतात ते माहिती गोळा करताना नव्हे, तर लिहिताना, हे मी वारंवार पाहिले आहे.

संस्था निवडताना एकट्या नावावर जाऊ नका. मुंबईत देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था या दोन्ही आहेत, आणि रात्रीची कोकणकन्या पकडून सकाळी पोहोचता येईल अशा अंतरावर असल्याने आपल्यासाठी त्या सोयीच्या आहेत. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेतील अच्युत मेनन केंद्र लांब असले तरी आरोग्य व्यवस्थेच्या अभ्यासात त्याचा लौकिक मोठा आहे. प्रत्येक ठिकाणी त्या वर्षीची अर्धवेळ जागांची स्थिती प्रवेशसूचनेत पाहावी लागेल. पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुणांची अट असते, तेव्हा एमपीएचची गुणपत्रिकाही एकदा काढून पाहा. पण संस्थेपेक्षा मार्गदर्शक महत्त्वाचे. ज्यांनी स्वतः कधी तालुक्याच्या पातळीवरील यंत्रणेत काम केले आहे किंवा तिच्यावर लिहिले आहे, ज्यांचे आधीचे अर्धवेळ विद्यार्थी वेळेत पूर्ण झाले आहेत, असे मार्गदर्शक शोधा आणि त्यांच्या दोन माजी विद्यार्थ्यांशी फोनवर बोला. शक्य असेल तर जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील पीएसएम (प्रतिबंधात्मक व सामाजिक वैद्यकशास्त्र) विभागातले कोणी सहमार्गदर्शक म्हणून लाभतात का तेही पाहा. रत्नागिरीत आणि सिंधुदुर्गात आता अशी महाविद्यालये आहेत, आणि दर महिन्याला समोर बसून कागद दाखवता येतील असे माणूस जवळ असणे फार मोलाचे असते.

एका गोष्टीबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण नोकरदार संशोधकांच्या प्रबंधांत हीच बाजू सर्वांत कच्ची राहते. आपण ज्यांच्याकडून माहिती घेणार, त्या आशाताई, आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक आपल्याच अधिकाराखाली काम करतात. ‘गोळ्या खरोखर घरोघर पोहोचल्या का’ असे त्यांना तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी विचारले, तर त्यांना संशोधनाचा प्रश्न ऐकू येणार नाही. तपासणी ऐकू येईल. त्या ‘हो’ म्हणतील, आणि आपल्या हाती पुन्हा तोच अहवाल पडेल जो बैठकीत दरवर्षी वाचला जातो. याहून गंभीर बाब अशी की एखादीने विश्वासाने खरे सांगितले, वीस घरे राहून गेली असे कबूल केले, आणि ते पुढे कारणे दाखवा नोटिशीत उतरले, तर संशोधनाच्या नावाखाली आपण तिचा घात केला असे होईल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नीतिविषयक मार्गदर्शक तत्त्वे अशा अधीनस्थ सहभागींचा विशेष विचार करायला सांगतात, आणि संशोधनाला मान्यता देणारी नीतिसमितीही आपल्याला हा प्रश्न विचारेल. पण समिती विचारते म्हणून नव्हे, तर त्या बायका दर पावसाळ्यात छत्री सांभाळत बांधांवरून चालतात म्हणून याचा विचार आधीच झाला पाहिजे. मुलाखती आपण स्वतः घेऊ नयेत; शेजारच्या तालुक्यातून किंवा महाविद्यालयातून प्रशिक्षित व्यक्ती आणावी, नावे आणि गावे सांकेतिक करून मगच नोंदी आपल्या हाती याव्यात, आणि या अभ्यासातील माहिती प्रशासकीय कारवाईसाठी वापरली जाणार नाही असे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांचे लेखी आश्वासन अभ्यास सुरू होण्यापूर्वी मिळवावे. प्रत्यक्ष अभ्यासासाठी आपला तालुका न घेता लगतचा तालुका घेणे हाही चांगला पर्याय आहे. खात्यातील नोंदी रोज आपल्या टेबलावर येत असल्या तरी संशोधनासाठी वापरताना त्यांची वेगळी लेखी परवानगी लागते, हे विसरू नका.

वरिष्ठांचा नकार मोडून काढण्यापेक्षा त्यांना या कामात भागीदार करून घेणे अधिक उपयोगाचे ठरेल. या वयात कशाला, असे म्हणणारा अधिकारी बहुधा आपल्या गैरहजेरीला भीत असतो. म्हणून त्यांच्यासमोर पदवीचा विषय काढण्याआधी दोन पानांचे टिपण ठेवा: गेल्या तीन-चार वर्षांतील रुग्ण कोणत्या गावांत आणि कोणत्या आठवड्यांत आले, त्या गावांत वाटपाची नोंद काय होती, आणि पुढच्या हंगामात एखाद-दुसऱ्या केंद्रात आपण काय वेगळे करून पाहू इच्छिता. त्यांना आढावा बैठकीत मांडता येईल अशी ही गोष्ट आहे. या टिपणाचा दुसराही उपयोग आहे: त्यातूनच प्रवेशासाठीचा संशोधन आराखडा तयार होईल आणि मार्गदर्शकांशी पहिल्या भेटीत काय बोलायचे, हा प्रश्न उरणार नाही.

वेळापत्रक मात्र कोकणच्या हंगामावर बेतावे लागेल. मेपासून साथरोगांची पूर्वतयारी, मग पावसाळा, दरडी, पूर, गणपतीला येणारी गर्दी, ऑक्टोबरपर्यंत ताप. या काळात अभ्यासाचे टेबल उघडायला मिळेल अशी अपेक्षा करूच नये. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले, त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या कोणत्याही आरोग्य अधिकाऱ्याला स्वतःसाठी तासभरही मिळाला नसेल. उलट आपल्या विषयाची माहिती नेमकी याच महिन्यांत गोळा व्हायची आहे, म्हणून नीतिसमितीची मान्यता, प्रश्नावली आणि मुलाखतकारांचे प्रशिक्षण हे सगळे एप्रिलअखेर संपलेले असले पाहिजे. ते राहिले तर एक पूर्ण वर्ष जाते. वाचन आणि लेखन नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, मार्चअखेरची धावपळ सोडून. किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पहिल्या वर्षी असतो, आणि त्यासाठी मुंबईला किती वेळा जावे लागेल ते प्रवेशापूर्वीच विचारून घ्या.

हे सारे पाहता मुलीच्या दहावीच्या वर्षी प्रवेश घेण्याची घाई करण्याचे कारण नाही. या पावसाळ्यात दोन केंद्रांतील नोंदी बारकाईने पाहा, दिवाळीनंतर टिपण लिहून काढा, पुढचे वर्ष मार्गदर्शक शोधणे, ना-हरकत प्रमाणपत्र आणि प्रवेश परीक्षेची तयारी यांत जाऊ द्या, आणि तिची परीक्षा संपल्यावर येणाऱ्या प्रवेशसत्रासाठी अर्ज करा. टिपण तयार झाले की ते या सदराकडे अवश्य पाठवा. रुग्णांची आणि कर्मचाऱ्यांची नावे तेवढी काढून टाका. मी ते वाचून सविस्तर कळवीन.